वीजबिल, सिलेंडर आणि पेट्रोल: घरातला कार्बन कमी करायची सुरुवात कुठून करायची

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दर ५ जूनला, म्हणजे पर्यावरण दिनाला, कुणीतरी रोपट्याचा फोटो टाकतं, खाली चाळीस-पन्नास हिरवे बदाम पडतात आणि ६ जूनला सगळे आपापल्या गाड्या काढून ऑफिसला. मी पण त्यातलीच होते. मग मुलाला शाळेत प्रोजेक्ट आला, घराचा कार्बन फूटप्रिंट काढा, म्हणजे आपल्या घरामुळे हवेत किती कार्बन डायऑक्साइड जातो ते मोजा म्हणून, आणि आपल्याकडे शाळेचा प्रोजेक्ट म्हणजे आईचाच प्रोजेक्ट असतो त्यामुळे रविवारी दुपारी बिलं घेऊन मीच बसले. तेव्हा लक्षात आलं की चार्जर सॉकेटला राहिला का, स्ट्रॉ कागदाचा आहे का, असल्या ज्या गोष्टींवरून मी घरात कटकट करत होते ती सगळी चिल्लर होती, नोटा दुसऱ्याच खिशातून गळत होत्या.

तर ज्यांना काहीतरी करायचंय पण कुठून सुरू करायचं कळत नाही त्यांच्यासाठी हे लिहितेय. मी कुणी तज्ज्ञ नाही, पुण्यात टू बीएचकेमध्ये राहणारं चार माणसांचं घर आहे, एक स्कूटर, एक छोटी पेट्रोल कार. गणित सगळं गुणाकाराचं आहे, पाचवीतलं पोरगंही करेल.

पायरी १: आधी वही, मग उपाय

तीन कागद काढा. विजेचं बिल, गॅसचं बुकिंग कधी कधी केलं त्याचे मेसेज, आणि पेट्रोलचे यूपीआयचे पेमेंट. वीजबिलावर मागच्या बारा महिन्यांच्या युनिटचा आलेख असतो, तो आपण कधी बघत नाही, फक्त खालचा रकमेचा आकडा बघून डोक्याला हात लावतो. तो आलेख हीच तुमची वर्षभराची डायरी आहे.

आता हे पाच आकडे वहीत लिहून ठेवा. विजेचं एक युनिट म्हणजे साधारण ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. एक लिटर पेट्रोल २.३ किलो, डिझेल २.७ किलो. १४.२ किलोचं घरगुती सिलेंडर अख्खं जळलं की ४२ किलो. पाइपचा गॅस असेल तर बिलावरचं एक एससीएम (गॅसचा एक घनमीटर) म्हणजे जवळपास २ किलो.

पेट्रोलचं ऐकून सगळे विचारतात, एक लिटरचं वजनच पाऊण किलो, मग २.३ किलो कुठून आले. जळताना हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो, वजन त्याचं. आणि विजेचा आकडा एवढा मोठा का, तर आपली बरीचशी वीज चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी इथे कोळसा जाळून होते. कोयना आहे की, असं आमचे सासरे दर वेळी म्हणतात, आहेच, पण कोयनेची सगळी क्षमता धरली तरी १९६० मेगावॅट आणि एकट्या चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची २९२०. (०.७ हा अख्ख्या देशाच्या ग्रिडचा, म्हणजे एकमेकांना जोडलेल्या वीजजाळ्याचा आकडा आहे, वीज कुठून आली ते तुमच्या मीटरला कळत नाही.)

आमचा पहिला हिशोब असा आला. वीज महिन्याला सरासरी २४० युनिट म्हणजे १६८ किलो. सिलेंडर महिन्याला एक, ४२ किलो. स्कूटर आणि कार मिळून ४५ लिटर, म्हणजे १०३ किलो. एकूण ३१३ किलोच्या आसपास, माणशी अठ्ठ्याहत्तर. यात आपण खातो ते, कपडे, फोन, सिमेंट वगैरे काहीच धरलं नाही, ते धरून भारतात माणशी वर्षाला साधारण २ टन भरतात आणि जगाची सरासरी त्याच्या दुपटीहून जास्त आहे. त्यामुळे अपराधी वाटून घ्यायचं काम नाही. पण शहरात कार-एसीवाल्या घरात राहणारे आपण त्या सरासरीतले नाही हेही खरंच, गावाकडे आत्याच्या घरी महिन्याला चाळीस युनिट येतात.

एक महिना नुसतं लिहा, काहीही बदलू नका. आपलं गळतंय कुठे हे कळल्याशिवाय बादली खाली ठेवून उपयोग नाही.

पायरी २: छताकडे बघा

म्हणजे पंख्याकडे. आपल्याकडे मार्च ते जून आणि परत ऑक्टोबरात पंखा बंद होतच नाही, हॉलमधला तर वर्षभर. साधा जुना पंखा ७०-७५ वॅट खातो, बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचा, तेवढीच हवा ३० च्या आसपास वॅटमध्ये देतो. आम्ही तीन बदलले, हॉलचा आणि दोन्ही बेडरूमचे, तिन्ही मिळून दिवसाला तीसेक तास चालतात, म्हणजे महिन्याला ४० युनिटच्या वर वाचले. ते झाले २८ किलो, म्हणजे बारा लिटर पेट्रोल न जाळल्यासारखं, आणि यासाठी कुणालाही काहीही सोडावं लागलं नाही, घाम पुसावा लागला नाही, म्हणून नवीन माणसाला मी पहिला हाच सांगते.

घेताना एवढं बघा: बीएलडीसी पंखा भिंतीवरच्या जुन्या रेग्युलेटरवर चालवायचा नसतो, तो रेग्युलेटर काढून साधा स्विच लावून घ्या, स्पीड रिमोटवर. रिमोट हरवतो. आमचा सोफ्याच्या फटीत सापडला, तोवर दोन दिवस सगळे एकाच स्पीडवर. आणि सगळे पंखे एकदम बदलायची गरज नाही, जो सगळ्यात जास्त तास चालतो तो आधी. स्वयंपाकघरातला आमचा अजून जुनाच आहे, तो दिवसाला दीड तास चालतो, त्याला कशाला हात लावू.

पैशाचं म्हणाल तर महावितरणचे स्लॅब लक्षात ठेवा, पहिल्या शंभर युनिटांचा दर वेगळा, त्यापुढे झपकन वाढतो, ३०० नंतर आणखी. त्यामुळे वाचलेली युनिटं नेहमी वरच्या, महागड्या स्लॅबमधून वाचतात. नवऱ्याला कार्बनचं काही पडलेलं नव्हतं, स्लॅबचं कळल्यावर दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन पंखे घेऊन आला.

सेट टॉप बॉक्स पण बघा. टीव्ही बंद असला तरी बॉक्स चालूच असतो, हात लावून बघा, गरम लागेल. दहा वॅट धरले तरी चोवीस तास म्हणजे महिन्याला सात युनिट, काहीही न बघता. मेन स्विचवरून बंद करायची सवय लावली. त्याच्या तुलनेत रिकामा मोबाइल चार्जर म्हणजे अगदीच नगण्य, त्यावरून भांडू नका, मी माफी मागितलीय घरात.

पायरी ३: गरम पाणी

एक बादली आंघोळीचं पाणी गरम करायला गीझर साधारण अर्ध्या युनिटच्या आत-बाहेर घेतो. चार माणसं, चार बादल्या, महिन्याला पन्नासेक युनिट. ३५ किलो कार्बन, जवळजवळ एक सिलेंडर. शॉवर असेल तर बादलीचं मोजमापच राहत नाही, म्हणून आमच्याकडे थंडीत शॉवर बंद, बादली-तांब्या झिंदाबाद.

सोपं ते आधी: गीझरचं थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानाची कळ, ५० डिग्रीवर आणा. ७० ला पाणी तापवायचं आणि मग त्यात अर्धी बादली गार पाणी ओतायचं यात काय अर्थ आहे. आणि एकामागून एक आंघोळी उरका, सकाळी सहाला चालू केलेला गीझर साडेनऊपर्यंत तसाच राहतो ते सगळ्यात वाईट.

सोलर वॉटर हीटर असेल तर प्रश्नच मिटला. पण आता आमच्या सोसायटीची गंमत ऐका. गच्चीवर बिल्डरने सोलर बसवून दिलेलं होतं, दोन वर्षं बंद, कारण मेंटेनन्सचं कंत्राट कुणी द्यायचं यावर मीटिंगमध्ये एकमत होत नव्हतं, आणि सगळे खाली घरात गीझर लावून बसलेले. शेवटी आम्ही तीन-चार घरांनी मिळून एक प्लंबर वर नेला, त्याने बघितलं तर काचेच्या नळ्यांवर बोटभर धूळ, दोन नळ्या फुटलेल्या आणि एक व्हॉल्व्ह अडकलेला. बस्स. तुमच्या गच्चीवर पण एकदा जाऊन या, बऱ्याच ठिकाणी नवीन काही घ्यायची गरज नसते, जुनंच चालू करायचं असतं. आता पावसाळा सोडला तर गीझरला सुट्टी. वरून पाणी यायला वेळ लागतो तोवरचं गार पाणी बादलीत धरून ठेवतो, फरशी पुसायला होतं.

गॅस गीझरचं कोणी विचारेल म्हणून सांगते. पाणी तापवायला गॅस थेट जाळला तर कोळशाच्या विजेपेक्षा कार्बन निम्म्याहून कमी होतो हे खरं, पण तो बंद बाथरूमच्या आत लावायचा नाही म्हणजे नाही, कार्बन मोनॉक्साइडने माणसं आंघोळीला जाऊन परत आलेली नाहीत. बाहेर हवेशीर जागा नसेल तर हा विषयच सोडा.

पायरी ४: स्वयंपाकघर, आणि इंडक्शनचा घोळ

माझा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होता. इंडक्शन म्हणजे धूर नाही, ज्योत नाही, म्हणजे पर्यावरणाला चांगलं, असं मी धरूनच चालले होते, शेगडी ऑनलाइन कार्टमध्ये पण टाकलेली. मग हिशोब केला. एका सिलेंडरवर जेवढा स्वयंपाक होतो तेवढाच इंडक्शनवर करायला साधारण १४० युनिट लागतात, इंडक्शनमध्ये उष्णता कमी वाया जाते हे धरूनसुद्धा. १४० गुणिले ०.७ म्हणजे ९८ किलो. सिलेंडरचे ४२. म्हणजे मी चांगलं करतेय समजून दुपटीहून जास्त कार्बन सोडला असता, फक्त तो माझ्या किचनऐवजी चंद्रपूरच्या चिमणीतून गेला असता.

याचा अर्थ इंडक्शन कायमचं वाईट असं नाही. आपला अर्ध्याहून जास्त एलपीजी जहाजाने बाहेरून येतो, त्या प्रवासाचा कार्बन मी यात धरलेला नाही. आणि ग्रिडमध्ये जसजशी सूर्याची-वाऱ्याची वीज वाढेल तसा तो ०.७ खाली येईल, ०.३ च्या खाली गेला की इंडक्शन जिंकलं. घराच्या छतावर स्वतःचं सोलर असेल तर आजच जिंकलं. पण आज, फ्लॅटमध्ये, ग्रिडच्या विजेवर, फक्त कार्बनसाठी म्हणून गॅस काढून टाकू नका. कार्ट रिकामं केलं मी.

मग गॅस कमी कसा जाळायचा, तर ते आपल्या आज्यांना माहितीच होतं. राजमा-छोले रात्रभर, तूरडाळ अर्धा तास तरी भिजवायची. कुकरमध्ये एकावर एक तीन डबे, वरण, भात आणि वर बटाटे नाहीतर बीट, एकाच वाफेत. प्रेशर धरलं की गॅस बारीक, मोठ्या आचेवर शिट्ट्या मोजत बसण्यात नुसता गॅस जातो, आत तापमान काही वाढत नाही. आणि शेवटी बंद केल्यावर कुकरची शिटी चिमट्याने उचलून वाफ घालवायची नाही, ती आतली वाफच उरलेलं शिजवत असते, आपण फुकटची गोष्ट खिडकीबाहेर सोडतो. चहाच्या पातेल्यावर झाकण. ज्योत भांड्याच्या बुडाबाहेर आली की तेवढा गॅस हवा तापवतोय. ज्योत पिवळी दिसायला लागली तर बर्नर घासा, टाचणीने भोकं मोकळी करा. फ्रीजमधलं दूध-भाजी वापरायच्या अर्धा तास आधी बाहेर. सासूबाई तर आमटीचं पातेलं उतरवलं की जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवतात, दोन तासांनी वाफाळती निघते, पूर्वी मला हसू यायचं.

एवढ्या सगळ्याने आमचं सिलेंडर महिन्याऐवजी अडतीस-चाळीस दिवस जायला लागलं. फार नाही, पण शून्य रुपयात.

पायरी ५: एसी असेल तर हे नीट वाचा

नसेल तर पुढे जा, आणि नसेल तर आधी खिडक्यांना वाळ्याचे पडदे, गच्चीला पांढरा रंग असले उपाय करून बघा.

२०२० पासून आपल्याकडचे नवीन एसी चालू केले की २४ वर चालू होतात, सरकारनेच तसा नियम केलाय, आणि एक डिग्री वर नेलं की वीज साधारण सहा टक्के वाचते असं ब्युरो ऑफ एनर्जी एफिशियन्सीचं, म्हणजे स्टार देणाऱ्या सरकारी संस्थेचं म्हणणं. आम्ही २६ ठेवतो आणि सोबत बीएलडीसी पंखा बारीक. १८ वर ठेवून वर ब्लँकेट घेणारी मंडळी प्रत्येक घरात असतात, आमच्याकडे दीर सुट्टीला येतो तेव्हा रिमोट कुणाच्या ताब्यात यावरून रोज रात्री नाटक असतं. स्टारचं लेबल बघताना चांदण्या मोजू नका फक्त, खाली वर्षाचे युनिट छापलेले असतात, ते १६०० तास धरून काढलेले आहेत, तुमचे तास त्यापेक्षा कमी-जास्त असतील त्या प्रमाणात धरा. आणि वर्ष बघा, नियम मधूनमधून कडक होतात, चार वर्षांपूर्वीचं फाइव्ह स्टार आज फाइव्ह स्टार राहत नाही.

पण विजेपेक्षा महत्त्वाची गोष्ट आतला गॅस, आणि ही कोणी सांगतच नाही. नवीन बऱ्याच एसींमध्ये आर-३२ असतो, तो एक किलो हवेत गेला की पुढच्या शंभर वर्षांच्या हिशोबाने जवळपास ६७५ किलो कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखं. जुन्यांमध्ये आर-४१० ए किंवा आर-२२, ते दोन हजारांच्या आसपास. म्हणजे तुम्ही वर्षभर पंखे बदलून, कुकर लावून जे वाचवलं ते एका गळतीत गेलं. काही एसी आर-२९० वर चालतात, म्हणजे प्रोपेन, त्याचा परिणाम अगदीच किरकोळ, मिळाला तर तो बघा.

म्हणून तीन गोष्टी. एक, दर उन्हाळ्यात मेकॅनिक येऊन "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणत असेल तर थांबवा त्याला. एसीतला गॅस संपत नसतो, तो पेट्रोल नाही, कमी झाला म्हणजे गळतोय. आधी गळती शोधून बंद कर, मग भर, असं स्पष्ट सांगा, आमच्याकडे तीन वर्षं नुसता भरत होते, चौथ्या वर्षी दुसऱ्या मेकॅनिकने साबणाचं पाणी लावून दोन मिनिटांत सांधा दाखवला. दोन, घर बदलताना एसी काढायचा असेल तर "पंप डाऊन करून काढ" हे शब्द वापरा, म्हणजे गॅस बाहेरच्या युनिटमध्ये ओढून बंद केला जातो. घाईतले लोक पाइप नुसता उघडतात आणि फुस्स करून सगळा सोडून देतात. तीन, जुना फ्रीज-एसी भंगारवाल्याला देण्याआधी कंपनीच्या एक्स्चेंजला किंवा ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत माणसाला विचारा, भंगारात पाइप कापूनच तांबं काढतात.

फ्रीजचं एकच, दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावा आणि नोट ओढा. सहज निघाली तर रबर गेलंय, बदला.

पायरी ६: गाडी

इथे मला उपदेश करायचा हक्क नाही कारण कार मी पण वापरते. हिशोब तेवढा सांगते. स्कूटर पन्नासच्या आत-बाहेर अॅव्हरेज देते, शंभर किलोमीटरला दोन लिटरच्या थोडं वर, म्हणजे पाच किलो. शहरातली कार शंभर किलोमीटरला सात लिटर, सोळा किलो, आणि बहुतेक वेळा आत माणूस एकच. इलेक्ट्रिक स्कूटर शंभर किलोमीटरला तीन-साडेतीन युनिट, कोळशाची वीज धरूनही दोन-अडीच किलो. म्हणजे इंडक्शनसारखं इथे होत नाही, ई-स्कूटर आजच निम्म्यावर आणते, कारण पेट्रोलचं इंजिन बरीचशी उष्णता वायाच घालवतं. पण चालणारी स्कूटर भंगारात काढून नवी घ्या असं मी म्हणणार नाही, नवीन गाडी बनवायलाही कार्बन लागतो, जुनी खरंच थकली की मग.

आम्ही केलं ते एवढंच: दोन किलोमीटरच्या आतली कामं, दळण, भाजी, क्लास, चालत किंवा सायकलवर. नवऱ्याचं ऑफिस मेट्रोच्या रूटवर आहे, तो आठवड्यातून तीन दिवस मेट्रोने जातो, पुण्यात मेट्रो २०२२ मध्ये सुरू झाली आणि आमच्याकडे २०२४ उजाडेपर्यंत तिचं फक्त कौतुक चालू होतं. टायरमध्ये हवा पंधरा दिवसांनी. ४५ लिटरचे तीस झाले.

आता लांबचा प्रवास. मागच्या आधीच्या दिवाळीत आम्ही चौघं विमानाने दिल्लीला गेलो-आलो. माणशी एका फेरीचे शंभर किलो धरा, चौघांचे जाऊन-येऊन आठशे. घरच्या अडीच महिन्यांचा कार्बन चार-पाच तासांत. हा आकडा बघून मी खरंच गप्प बसले. मुंबई-अमेरिका जाऊन-येऊन तर माणशी टनभराच्याही वर जातं, आणि ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांना जाऊ नका कसं सांगणार, नातवंडं बघायची असतात. तिथे एवढंच सुचतं की दोनदा तीन आठवडे जाण्यापेक्षा एकदा तीन महिने जा, बहुतेकांना तेच आवडतं, सुनेला विचारून घ्या. पण नागपूर, गोवा, हैदराबाद, बेंगळुरू हे रेल्वेने होतं. मध्य रेल्वेच्या ब्रॉडगेज लाइनवर आता सगळीकडे वीज आहे आणि भरलेल्या गाडीत माणशी वाटा विमानाच्या मानाने फारच थोडा येतो. आणि एसटी! १ जून १९४८ ला पहिली एसटी पुणे-अहमदनगर धावली होती, बरोबर ७४ वर्षांनी १ जून २०२२ ला त्याच रूटवर पहिली इलेक्ट्रिक शिवाई सोडली. सासऱ्यांनी मुद्दाम तिने प्रवास केला आणि आवाजच येत नाही म्हणून तक्रार केली.

पायरी ७: ओला कचरा

कार्बन डायऑक्साइड सोडून दुसरा मोठा गॅस म्हणजे मिथेन, शंभर वर्षांच्या हिशोबात किलोला किलो सत्तावीस-अठ्ठावीस पट भारी. भाजीची देठं, उरलेलं अन्न कचऱ्याच्या डोंगरात दाबलं गेलं, हवा मिळाली नाही की ते कुजून मिथेन होतो. मुंबईच्या देवनारला आगी लागतात त्यामागे हाही गॅस असतो, पुण्याच्या फुरसुंगी-उरुळीची माणसं तर आपल्या कचऱ्याचा वास वर्षानुवर्षं सोसतायत. तोच कचरा घरी हवा लागून कुजला तर मिथेन जवळपास होत नाही आणि खत मिळतं.

करायचं असं: जुनी झाकणाची बादली किंवा रंगाचा डबा, तळाला आणि बाजूला तापलेल्या खिळ्याने भोकं. खाली नारळाच्या शेंड्या किंवा काटक्या. मग रोजचा कचरा बारीक चिरून, आणि त्याच्यावर तेवढाच वाळका पाला किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा). सुरुवातीला कुणाकडून तरी मूठभर तयार खत आणून विरजणासारखं घाला, नसेल तर आंबट ताक शिंपडा. दोन-तीन दिवसांनी काठीने वर-खाली. मुठीत दाबून बघा, हाताला ओल लागली पाहिजे पण पाणी गळता कामा नये. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, वाळका पाला वाढवा, नव्वद टक्के तक्रारींवर हेच औषध. अळ्या दिसतील, पांढरट जाडसर, किंचाळू नका, त्या कामगार आहेत तुमच्या. मासे-मटण, तेलकट उरलेलं आणि ढीगभर लिंबाच्या साली टाकू नका. दीड-दोन महिन्यांत काळं, मातीच्या वासाचं खत तयार होतं, आमच्या कढीपत्त्याला एवढा फुटवा यापूर्वी कधीच आला नव्हता. घरी गांडूळखत करणाऱ्यांना पुणे महापालिका घरपट्टीत थोडी सूट पण देते, बाकी शहरांतल्यांनी आपापल्या पालिकेत विचारा.

आणि मुळात कमी टाका. फोडणीचा भात आणि फोडणीची पोळी ही आपली सगळ्यात जुनी हवामान योजना आहे.

ताटाचं थोडक्यात: भाताच्या पाणी भरलेल्या खाचरांतून मिथेन येतो, ज्वारी-बाजरी-नाचणीला तसं पाणी साठवावं लागत नाही. मांसाहारात मटण फार जड, कारण बकऱ्या-गाईगुरं रवंथ करताना मिथेन सोडतात, कोंबडी-अंडी त्याच्या बरीच खाली. दुधाचं पण तेच आहे आणि चहा मी सोडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. आम्ही आठवड्यातून तीन रात्री भाकरी करतो, मटण महिन्यातून एकदा, आणि त्या दिवशी कुणी हिशोब काढायचा नाही.

पायरी ८: छतावरचं सोलर

स्वतःचं छत असेल, बंगला, रो हाऊस, गावचं घर, तर वरच्या सगळ्या पायऱ्यांआधी ही करा. एक किलोवॅटला शंभरेक चौरस फूट सावली नसलेली जागा लागते आणि आपल्याकडे दिवसाला सरासरी चार युनिट निघतात. तीन किलोवॅट बसवलं तर वर्षाला चार हजारांच्या वर युनिट, तीन टन कार्बन. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, तिच्यात पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला ३० हजार आणि तीन किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार अनुदान ठरवलं गेलं. सोसायटीच्या लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यासाठी किलोवॅटला १८ हजार. अर्ज करताना पोर्टलवर आजचे आकडे तपासून घ्या. प्रोसेस अशी की वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक टाकून नोंदणी करायची, यादीतलाच व्हेंडर निवडायचा, बसवून झालं की वीज कंपनी नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) लावते, आणि मग अनुदान तुमच्या खात्यात. दोन-तीन कोटेशन घ्या, पॅनेल धुवायला गच्चीवर नळ आहे का बघा, आणि शेजारचं आंब्याचं झाड पाच वर्षांत कुठवर येईल तेही बघा.

फ्लॅटवाल्यांनी सोसायटीत विषय काढायचा. कार्बन म्हणून काढलात तर चहा पिऊन सगळे घरी जातील, कॉमन मीटरचं वर्षाचं बिल झेरॉक्स काढून वाटा.

झाडाचं काय?

लावा की, सावली मिळते, पक्षी येतात. पण चांगलं वाढलेलं झाडही वर्षाला साधारण दहा-वीस किलो कार्बन शोषतं, म्हणजे आमच्या पहिल्या महिन्याच्या हिशोबाची भरपाई करायलाच मोठी झालेली सोळा तरी झाडं वर्षभर राबली पाहिजेत. आणि तुम्ही लावलेलं ते वीतभर रोप आहे, बकरीच्या तोंडातून ते अजून वाचायचं आहे.

कपडे, फोन, फर्निचर यांचंही एका ओळीत: जे आहे ते जास्त वर्षं वापरा. बोहारणीला साडी देऊन पातेलं घेणारी आपली जमात आहे, फोनची बॅटरी बदलून अजून दोन वर्षं काढणं काही अवघड नाही.

शेवटचं वहीबद्दल. मेचं बिल एप्रिलशी ताडून बघून निराश होऊ नका, मे नेहमी जास्तच येणार, मागच्या वर्षीच्या मेशी ताडून बघा. आमच्या २४० युनिटचे आता सरासरी १५५-१६० झालेत, पंखे आणि गच्चीवरच्या त्या दोन फुटक्या नळ्या, मुख्य काम त्यांचंच. सोसायटीच्या सोलरचं कोटेशन आलंय, मीटिंग पुढच्या रविवारी आहे, आणि तळमजल्यावरच्या काकांनी आत्तापासूनच विचारलंय की मी तर लिफ्ट वापरतच नाही, मग मी पैसे का द्यायचे.